उशिराची देवी

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी तोमोए अंगणातल्या नळाखाली मुळे धूत होती आणि तिचे बाबा, गेनजिरो, मुळ्यांच्या जोड्या लावत होते. जाड मुळ्याशी बारीक बांधायचा, लांबाशी आखूड, आणि जोडी लोणच्यासाठी वाळायला वळचणीच्या बांबूवर टांगायची. याला ते लग्नं लावणं म्हणत. दर वर्षी म्हणत. एखादी जोडी फारच विजोड निघाली की ती हातात धरून लांबून न्याहाळत आणि सांगत, "ही आपल्या देवीने जमवलेली दिसते."

हे वाक्य आलं की पाठोपाठ किस्सा येणार हे तोमोएला ठाऊक होतं. तो आला.

एक तरुण देवीकडे जातो आणि म्हणतो, मला बायको मिळू दे. वर्षं जातात. बायको काही येत नाही. तो म्हातारा होतो, दात पडतात, कंबर वाकते. एका सकाळी दार वाजतं. दारात एक बोळक्या तोंडाची म्हातारी, काखेत बोचकं. म्हणते, देवीने पाठवलंय. म्हातारा म्हणतो, जरा उशीरच झाला, नाही का? म्हातारी त्याला खालून वरपर्यंत बघते आणि म्हणते, "मला काय सांगता? मी तर विशीतला नवरा मागितला होता."

शेवटचं वाक्य संपायच्या आतच बाबांना हसू फुटलं. त्यांचं हसणं पोटातून निघे, वाटेत खांद्यांना हलवी आणि शेवटी एका उचकीवर थांबे. पलीकडच्या शेतातला बगळा उडाला.

"ऐकलंय, बाबा," तोमोए म्हणाली आणि पुढचा मुळा उचलला.

"ऐकलंस, पण हसली नाहीस."

"हसले की."

"ते हसणं होतं? मला वाटलं तू श्वास सोडलास."

यात फारसं खोटं नव्हतं. तोमोए हसायची म्हणजे तिच्या नाकातून थोडी हवा बाहेर पडायची. लहानपणी आई गेली तेव्हापासून घरात आवाज करण्याचं काम बाबांकडे होतं आणि ऐकण्याचं तिच्याकडे. पुढे ती ओकायामा शहरात ग्रंथालयात लागली. तिथेही शांतता राखणं हेच काम, ते तिला चांगलं जमलं. बाबांना एक गोष्ट मात्र माहीत नव्हती. दर शनिवारी सकाळी ग्रंथालयात लहान मुलांना गोष्टी सांगायची पाळी तिची असे, आणि गेली कित्येक वर्षं ती शेवटी हाच किस्सा सांगत असे. डोक्याला रुमाल बांधून, ओठ दातांवर आत दुमडून, म्हातारीच्या आवाजात. मुलं गडाबडा लोळत. किस्सा ऐकल्याशिवाय घरी जात नसत. हे बाबांना सांगावं असं तिच्या अनेकदा मनात आलं होतं. पण इतकी वर्षं "ऐकलंय, बाबा" म्हटल्यावर आता ते कबूल करायचं म्हणजे एका लांबलेल्या खेळात शेवटच्या डावाला हार मानल्यासारखं झालं असतं. सांगू कधीतरी, असं ती म्हणे. घाई काय होती?

कुरुमिदानी गावात तशी कुणालाच घाई नसते. देवीच तशी आहे. जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देशभरचे देव इझुमोला सभेला जातात, तशी हीही एकदा निघाली होती. वाटेत नदीकाठी तिच्या गवती चपलेचा बंद तुटला. तो वळत बसली. पोचली तेव्हा सभा उठून देव घरोघर निघाले होते. परत येऊन तिने देवळाचं दार आतून लावून घेतलं आणि रुसून बसली. मग गावकऱ्यांनी दारासमोर बसून, एकमेकांची तोंडं बघून, खदाखदा हसायला सुरुवात केली. बाहेर एवढं काय चाललंय हे बघायला देवीने दार किलकिलं केलं. तेव्हापासून तिचं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे तिला उशिराची देवी म्हणतात. आणि तेव्हापासूनच जानेवारीच्या मध्यावर, बाकीच्या गावांची नव्या वर्षाची देवदर्शनं आटोपून सगळे कामालाही लागलेले असतात तेव्हा, कुरुमिदानीत घराघरातला एकेक माणूस देवळात जाऊन हसतो.

त्या संध्याकाळी बाबांनी तोच विषय काढला. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, यंदा मांडी घालून बसणं कठीण दिसतंय. देवळातल्या आपल्या आसनावर तू बस.

"बघू," तोमोए म्हणाली.

"बघू म्हणजे नाही. बाप आहे मी तुझा."

"मला तसं हसता येत नाही, बाबा. तुम्हीच म्हणता."

"हसता येतं. तू खर्च करत नाहीस, एवढंच. जपून ठेवलंय कुठेतरी."

ती गाडीत बसली. बाबा वळणापर्यंत चालत आले आणि हातात जो होता तो मुळाच हलवून त्यांनी निरोप दिला. आरशात तो पांढरा मुळा बराच वेळ हलताना दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोफू द्यायला आलेल्या मासाहारुकाकांना बाबा वळचणीखाली आडवे दिसले. हातात सुतळी होती. दोन मुळे बांधायचे राहिले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यांना कळलंही नसेल.

*

मरण बुद्धाकडे आणि जगणं देवीकडे अशी गावाची जुनी वाटणी आहे. त्यामुळे बाबांचं जे काही करायचं ते मठातल्या भिक्षूंनी केलं, आणि देवळाची वाट तोमोएला पन्नास दिवस बंद झाली. सुतकातल्या माणसाने देवळाच्या दगडी कमानीखालून जायचं नसतं. घरातल्या देव्हाऱ्यावरही पांढरा कागद डकवायचा असतो, आणि तो घरच्या माणसाने डकवायचा नसतो. तो शेजारच्या किनुएआजीने येऊन डकवला.

किनुएआजी नव्वदीला टेकलेली होती. एका कानाने तिला ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने नको तेवढं येई. कागद चिकटवून ती स्टुलावरून उतरली आणि म्हणाली, "आता देवी झाकली. बापाबद्दल काय तक्रारी करायच्या त्या करून घे."

तोमोएला तक्रार अशी कुठलीच आठवेना. तिने आजीला चहा दिला.

मुळे तसेच लटकत होते. डिसेंबराच्या पहिल्या रविवारी मासाहारुकाका आले, त्यांनी एक मुळा काढला, दोन्ही हातांनी वाकवला. त्याचं टोक शेंड्याला लागून कडं झालं. "झाले," ते म्हणाले. "आता पिंपात." दोघांनी मिळून मुळे पिंपात भरले, थरावर थर, मध्ये तांदळाचा कोंडा आणि मीठ. काका मीठ टाकत आणि दर मुठीला गेनजिरोची निंदा करत. तो मीठ कमी टाकायचा, कंजूष होता. तो दगड हलका ठेवायचा, आळशी होता. आणि त्याचे मुळे गावात सगळ्यांत चांगले व्हायचे, ते नुसतं नशीब. शेवटी काकांनी झाकणावर दगड ठेवला आणि त्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

हसण्याच्या दिवशी या दोघांची आसनं समोरासमोर असत. गेनजिरोचं घर आणि तोफूवाल्यांचं घर ही जोडी पिढ्यान्‌पिढ्यांची. बाबा आणि काका एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसायला लागले तेव्हा तोमोएचा जन्म व्हायचा होता. वर्षभर दोघं पाण्यावरून, कुंपणावरून, बुद्धिबळावरून भांडत आणि त्या एका दिवशी समोरासमोर बसून हसत. पुढच्या दिवसापासून परत भांडण.

आसनाबद्दल काकांनी शब्दही काढला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "मन मारून काही करू नकोस, पोरी. गेनजिरोला ते आवडलं नसतं. म्हणजे त्याला तसं काहीच आवडायचं नाही, पण हे तर नक्कीच नाही."

खरी गोष्ट कळली ती किनुएआजीकडून. ज्या घराचं आसन एकदा रिकामं राहतं ते गवती आसन गुंडाळून कोठारात ठेवतात, आणि कोठारात गेलेलं आसन परत बाहेर आलेलं अजून कुणी पाहिलेलं नाही. कोठारात पुष्कळ आसनं जमली होती. माणसं शहरात गेली, घरं बंद पडली. पूर्वी सभामंडप भरून जाई, आता मोजक्या चार जोड्या उरल्या होत्या. आणि एकट्याला हसता येत नाही, तसा नियमच आहे. समोर कुणी नसेल तर मासाहारुचंही आसन उचलायचं.

"त्यांनी मला हे सांगितलं नाही," तोमोए म्हणाली.

"तो कशाला सांगेल? तोफूवाला आहे. दिसायला मऊ, पण दाबलास तर तुटेल, वाकणार नाही."

"पण आजी, बाई बसलेली चालेल?"

"देवी कोण आहे मग? बैल?"

त्या रात्री शहरात परत जाताना तोमोएने गाडीच्या काचा बंद केल्या आणि हसून पाहिलं. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या ट्रकवाल्याने मान वळवली आणि काळजीने तिच्याकडे बघितलं. तिने खोकल्याचं नाटक केलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात तिने हसण्यावरची पुस्तकं काढली. माणसं का हसतात यावर पुष्कळ विद्वानांनी अतिशय गंभीरपणे लिहून ठेवलं होतं. तिने सगळं वाचलं. त्यातल्या एकाही पानाने तिला हसवलं नाही. शनिवारी गोष्टींच्या तासाला मुलांनी म्हातारीचा किस्सा मागितला, तेव्हा ती म्हणाली, आज म्हातारीला सर्दी झालीय. पुढच्या शनिवारीही म्हातारीची सर्दी गेली नाही.

नवीन वर्ष आलं. सुतकात शुभेच्छा द्यायच्या नसतात, घ्यायच्या नसतात, दाराला माळ लावायची नसते. तोमोए बाबांच्या घरी एकटीच होती. बाहेर बर्फ पडत होता. रात्री तिने जेवणात मासाहारुकाकांचा तोफू खाल्ला आणि त्यांना फोन करून सांगितलं, मी बसते.

 काका म्हणाले, "गरम मोजे घाल. तिथे फरशीतून गारठा वर येतो."

*

देऊळ किती जुनं आहे यावर एकमत नाही. वाटेवरच्या सरकारी पाटीवर सातशे वर्षं लिहिलंय. किनुएआजीच्या मते पाटी लावणाऱ्यांनाच शंभर वर्षं उशीर झाला. देवदारांच्या रांगेतून पायऱ्या वर जातात, पायऱ्या संपतात तिथे शेवाळलेली दगडी कमान, मग गवताने शाकारलेलं वाकलेलं छप्पर आणि दारावर कोरलेला ससा. त्याचं नाक शतकानुशतकं मुलांनी चोळून गुळगुळीत केलेलं. बाबांनी चोळलेलं, तोमोएनेही.

त्या रविवारी पायऱ्यांवर बर्फ होता. सुतक गेल्याच आठवड्यात फिटलं होतं, पण कमानीपाशी आल्यावर तोमोएचे पाय आपोआप डावीकडे वळले, झाडीतून जाणाऱ्या आडवाटेकडे.

"चोरासारखी कुठे निघालीस?" वरून किनुएआजीचा आवाज आला. ती शाल गुंडाळून मंडपाच्या पायरीवर बसली होती, मांडीवर पितळी घमेलं. "सुतक फिटलं ना? मग सरळ ये. देवीला लपूनछपून आलेले आवडत नाहीत."

तोमोएने कमानीला वाकून नमस्कार केला आणि खालून आत आली. दगडी कुंडावरचा बर्फ बाजूला सारून हात धुतले, चूळ भरली. दात शिवशिवले.

पुजारी नाइतो आसपासच्या बऱ्याच देवळांचं बघतात, त्यामुळे ते उशिरा आले. या देवळात त्याबद्दल कुणी कुणाला बोलत नाही. गाडीतून उतरून त्यांनी घाईघाईने उंच काळी टोपी चढवली, मंत्र म्हटले, सगळ्यांच्या डोक्यावरून कागदी पट्ट्यांची काठी फिरवली आणि प्रत्येकाच्या हातात एक हिरवी डहाळी दिली. चार जोड्या समोरासमोर बसल्या. बाकीचे गावकरी भिंतीकडेने, मांडीवर घोंगड्या घेऊन. रविवारच्या सुट्टीला आजोळी आलेली लहान लहान मुलं खिडकीतून डोकावत होती.

पद्धत अशी की प्रत्येक जोडीने तीनदा हसायचं. पहिलं हसणं घरात आलेल्या धान्यासाठी. दुसरं येणाऱ्या वर्षासाठी. तिसरं मागच्या वर्षात जे दुखलं ते सोडून देण्यासाठी. हसणं खोटं वाटलं की किनुएआजी घमेल्यावर पळी मारणार आणि तेच हसणं परत हसायचं. एकाच हसण्याला तिसऱ्यांदा घमेलं वाजलं तर आसन उचलायचं.

पहिल्या तीन जोड्या पार पडल्या. पोस्टमास्तरांचं पहिलं हसणं परत गेलं. ऑफिसातलं हसणं इथे आणू नकोस, असं आजीने त्यांना सांगितलं. मग त्यांच्या समोरच्या गृहस्थांनी नाक फेंदारून दाखवलं आणि दोघं सुटले.

मग तोमोए आणि मासाहारुकाका.

बाबांचं आसन मध्ये खोलगट झालेलं होतं. तिला ते मोठं झालं. समोर काका ताठ बसले होते, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, केस पाण्याने बसवलेले. दोघांनी डहाळ्या वर केल्या आणि हसले. म्हणजे तोमोएच्या नाकातून हवा गेली आणि काकांनी हा हा हा असं स्वच्छ म्हटलं, जसं दुकानात भाव सांगावेत.

घमेलं वाजलं.

"आणि फक्त पोरीचं नाही," आजी म्हणाली. "मासाहारु, तुझंही खोटं."

भिंतीकडेने खसखस पिकली. तोमोएचे कान तापले. तिने गाडीतलं हसणं काढून पाहिलं, ते बाहेर येताना रडण्यासारखं झालं, म्हणून तिने ते मध्येच गिळलं. काकांनी आवाज वाढवला. मोठा केलेला खोटेपणा अजूनच खोटा वाटला.

घमेलं पुन्हा वाजलं. यावेळी कुणी हसलं नाही.

तोमोएने काकांकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की काका तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर तिच्या गुडघ्यांपाशी, आसनाच्या कडेवर होती.   ते कशाची तरी वाट बघत होते. तो चेहरा तिने ओळखला. ग्रंथालयात शनिवारी मुलं असा चेहरा करून बसतात. काहीतरी यायचं असतं आणि अजून आलेलं नसतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "बाबा हसायच्या आधी काय करायचे?"

हसताना बोलायचं नसतं. नाइतो पुजाऱ्यांनी आजीकडे पाहिलं. आजीने बहिरा कान त्यांच्याकडे केला.

"बडबडायचा," काका आसनाकडे बघत म्हणाले. "ते त्याचं म्हातारीचं. शेवटचं वाक्य. ओठातल्या ओठात, मला ऐकू येईल एवढंच. दर वर्षी. एवढा भिकार किस्सा, पण तो म्हणाला की मग आपलं सुरू व्हायचं."

तोमोएने डहाळी खाली ठेवली. गळ्यातला रुमाल सोडला, डोक्यावर घेतला आणि हनुवटीखाली गाठ मारली. तिने कंबर वाकवली, ओठ दातांवरून आत दुमडले. भिंतीकडेची माणसं पुढे झुकली. गेनजिरोची ही पोर, जिचा आवाज पोस्टात रांगेतसुद्धा कुणी ऐकला नव्हता, म्हातारी झाली होती. तिने काखेतलं नसलेलं बोचकं सावरलं आणि मासाहारुकाकांना खालून, मोज्यांपासून, वरपर्यंत, पाण्याने बसवलेल्या केसांपर्यंत सावकाश न्याहाळलं. केसांपाशी जरा थांबली. नापसंतीने मान हलवली.

"मला काय सांगता?" ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "मी तर विशीतला नवरा मागितला होता."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले, कारण एवढ्या वर्षांत त्या किस्स्याला त्यांनी चांगलं म्हटलेलं नव्हतं, आणि मिटलेल्या ओठांतून फुर्र असा घोड्यासारखा आवाज निघाला. तो आवाज ऐकून तोमोएच्या पोटात काहीतरी हललं. ते वर आलं, त्याने तिचे खांदे हलवले, तिचा रुमाल डोळ्यांवर आला, आणि ती हसली. काका आसनावर एका कुशीला कलले. नाइतो पुजाऱ्यांची टोपी घसरली. खिडकीतली मुलं, त्यांना किस्सा कळला नव्हता, पण म्हातारी कळली होती, खिडकीखाली बर्फात बसून हसत होती. छपरावरून बर्फाचा एक थर घसरून धप्पकन खाली आला, त्यालाही सगळे हसले. हसणं थांबेल असं वाटायचं, तेवढ्यात काका डोळे पुसत "विशीतला" एवढंच म्हणायचे की परत सुरू.

शेवटी तोमोएचं हसणं थांबलं ते एका उचकीवर.

 ती उचकी त्या खोलीत सगळ्यांच्या ओळखीची होती.

किनुएआजीने घमेलं मांडीवरून उतरवून बाजूला ठेवलं. "झालं," ती म्हणाली.

"एकच झालं, आजी," पुजारी अदबीने म्हणाले. "अजून दोन बाकी आहेत."

"तिन्ही झाली. मोजणारी मी आहे की तुम्ही? उशीर झाला की सगळं एकदमच येतं." तिने काकांकडे पाहिलं. "मासाहारु, आसनाची धूळ झाडून ठेव. दोन्ही आसनांची. पुढच्या वर्षी लागतील."

*

नंतर मंडपाच्या मागच्या खोलीत शेगडीभोवती जेवण होतं. डाळीच्या सारात भाताचे चिकट गोळे, तोफू, गरम साके आणि गेनजिरोचे मुळे. पिंप त्या सकाळीच उघडलं होतं. मुळे पिवळेधमक झाले होते आणि चावले की असा कुर्र आवाज होई की दोन माणसांना बोलता येऊ नये. काकांनी एक काप चावला, डोळे मिटून चघळला आणि मीठ कमी पडलं असं जाहीर केलं. मीठ तुम्हीच टाकलं होतं, असं तोमोए म्हणाली. मग तुझ्या बापाने शिकवलं असेल मला, ते म्हणाले, आणि दुसरा काप घेतला.

मग, तोंड भरलेलं असताना, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तो सांगायचा त्यापेक्षा बरा सांगतेस. ते केसांपाशी थांबणं त्याला कधी जमलं नाही. कुठे शिकलीस?"

तोमोए उत्तर द्यायला लागली आणि थांबली. हे पहिल्यांदा ज्यांना सांगायचं ते काका नव्हते.

"आलेच," ती म्हणाली.

बाहेर ऊन पडलं होतं. मंडप रिकामा होता, आसनं दोन-दोन करून समोरासमोर झाडून ठेवलेली. ती पुढे दारापाशी गेली. सशाचं नाक चोळलं, पेटीत नाणं टाकलं, घंटेची दोरी हलवली. दोनदा वाकली, दोनदा टाळी वाजवली. मग नाव आणि पत्ता सांगायचा, म्हणजे कोण मागतंय हे देवीला कळतं. बाकी लोक हे मनात सांगतात. बाबा मोठ्याने सांगायचे, रस्ता चुकू नये म्हणून खाणाखुणांसकट, आणि शाळकरी तोमोए चार पावलं मागे, आपण यांच्याबरोबर नाही अशी उभी राहायची.

"तोमोए," ती मोठ्याने म्हणाली. "कुरुमिदानी, तोफूच्या दुकानापुढचं वळण, वळचणीला मुळे टांगतात ते घर. गेनजिरोची मुलगी." आवाज देवदारांत घुमून परत आला. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. "मागायचं काही नाही. एक निरोप पोचवायचाय. तुमच्या सवडीने पोचला तरी चालेल."

आतून अर्थातच काही आवाज आला नाही. मागच्या खोलीतून मुळ्यांचा कुर्रकुर्र आवाज येत होता.

तिने रुमालाची गाठ सोडली आणि तो हातात धरला.

"बाबा, तुमचा म्हातारीचा किस्सा मी दर शनिवारी मुलांना सांगते. किती वर्षं झाली. त्यांना दुसरं काही नको असतं. आणि मीपण हसायचे, बाबा. दर वेळी. तुम्ही खोलीबाहेर गेलात की मग."